पत्रा पक्का, घर कच्चं

साशंक : ज्याच्या नावावर गावात घर आहे, मग ते कसंही असो, त्यानं घरकुलाच्या यादीत नाव मागायचं आणि काम मिळालं नाही म्हणून बेरोजगार भत्त्यावरही हक्क सांगायचा, हे मला पटत नाही. गरिबांबद्दल मला आकस नाही. पण सरकारचा पैसा मोजका आहे आणि रांगेत ज्याला छप्परच नाही असा माणूसही उभा आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत क्रम ठरवून दिलेला आहे : आधी बेघर, मग एकही धड खोली नसलेले, मग एका खोलीचे, मग दोन खोल्यांचे. या क्रमामागे विचार आहे. घराचा मालक असलेला माणूस, घर गळकं असलं तरी, उघड्यावरच्या माणसाच्या पुढे जाऊ नये. त्यातून तो कामाच्या हमीवरही दावा सांगणार असेल, तर एकाच घरात दोन मदती आणि शेजारच्या घरात एकही नाही, अशी वेळ येते.

आग्रही : ‘घर आहे’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते आधी स्पष्ट करू. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा या भागातल्या ऊसतोड कुटुंबाचं घर धरून बोलते. दगडमातीच्या भिंती, एक खोली, पुढं पडवी, वर पत्रा आणि तो उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले धोंडे. दिवाळीच्या सुमाराला नवराबायको, म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक ‘कोयता’, कारखान्याच्या वाटेला लागतात. पुढचे पाचसहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्या काळात गावातल्या घराला कुलूप. लिंपण नाही, सारवण नाही, वाळवी आणि उंदरांना मोकळं रान. उन्हाळ्यात परत यायचं, मागची भिंत फुगलेली बघायची, तिला लाकडाचा टेकू द्यायचा आणि पावसाळा त्या टेकूच्या भरवशावर काढायचा. सातबारा नसतो, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव असतं. कागदावर हे कुटुंब घरमालक आहे. तुमच्या क्रमात ते बेघराच्या मागे जातं, तेवढं मला चालेल. पण ते मागे जात नाही, ते रांगेतूनच बाहेर जातं.

साशंक : बाहेर का जाईल? दोन खोल्यांपर्यंतची कच्ची घरं योजनेत बसतातच.

आग्रही : कच्ची म्हणजे काय, ते वाचा. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतून पहिली यादी निघाली, तेव्हा गाळणी अशी होती की छप्पर किंवा भिंत यांपैकी एक जरी पक्कं असलं तरी घर पक्कं. आणि पत्रा हे जनगणनेच्या व्याख्येत टिकाऊ साहित्य आहे. म्हणजे गवताचं छप्पर कुजलं म्हणून बाईनं मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या एका हंगामाच्या उचलीतून चार पत्रे आणले, त्या दिवशी तिचं घर सरकारदरबारी पक्कं झालं. भिंत तीच, ओल तीच, टेकू तोच. भोकं पडून त्या पत्र्यातून आभाळ दिसायला लागलं तरी तो पत्राच राहतो, कारण रकान्यात साहित्याचं नाव लिहायचं असतं, त्याची अवस्था नाही. राहण्याजोगं आहे का, हा प्रश्न त्या रकान्यांत कुठेच नव्हता.

साशंक : तो प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही, आणि न ठेवण्यात शहाणपण आहे असं मी म्हणतो. पत्रा आहे की नाही, हे बाहेरगावच्या सर्वेक्षकाला दहा पावलांवरून दिसतं. त्यात मताला जागा नाही. ‘राहण्याजोगं’ हे मत आहे. ते कोण देणार? ग्रामसेवक, अभियंता की सरपंचाचा माणूस? नियम जितका ढोबळ, तितकी त्यात हात घालायला जागा कमी. तुम्ही त्याला माणुसकी शिकवाल, आणि माणुसकीचा दाखला द्यायला कुणीतरी पैसे मागेल. ज्या गावात घरकुलाच्या ‘ड’ यादीत, म्हणजे पहिल्या यादीतून सुटलेल्यांच्या यादीत, नाव वर सरकवून देतो म्हणणारे दलाल फिरतात, तिथं भिंत किती फुगली आहे याचा निर्णय माणसाच्या हातात द्यायचा? पत्र्यावर अन्याय होतो हे मला मान्य आहे. पण तो अन्याय सगळ्यांवर सारखा होतो. तुमच्या पद्धतीत ज्याची ओळख नाही त्याच्यावरच होईल.

आग्रही : सारखा होत नाही. ज्यानं धडपड केली त्याच्यावर जास्त होतो. गवताखाली राहिलेला पात्र, पत्रा आणणारा अपात्र. ज्या १३ निकषांवर कुटुंबं वगळली गेली, त्यांतही हेच होतं. दुचाकी असली की बाहेर, फ्रिज असला की बाहेर, घरातल्या कुणाची महिन्याची कमाई १०,००० रुपयांवर गेली की बाहेर. २०२४ मध्ये सरकारनंच यातले काही निकष काढले. दुचाकी आणि फ्रिज गेले, कमाईची मर्यादा १५,००० झाली. म्हणजे मधली आठ वर्षं जुन्या मोटारसायकलवरून मजुरीला जाणारा माणूस चांगल्या घरात राहतो असं धरलं गेलं होतं, हे सरकारला मान्य झालं. निकष चुकतात आणि दुरुस्त होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘तुझं घर ठीक आहे’ हे त्या बाईला आठ वर्षं सांगितलं गेलं, ते खोटं होतं, ही माझी तक्रार आहे.

साशंक : तुम्ही त्या बाईचं बोलता, मी तिच्या शेजाऱ्याचं बोलतो. तोही कोयत्यावर जातो. त्यानं दोन हंगाम जादा उचल घेतली, स्वतः माती मळून, विटा आणून भिंत उभी केली. ती उचल फेडायला त्याची पोरं पुढचा हंगाम शाळेऐवजी फडात होती. आज त्याचं घर उभं आहे. त्याला काहीच मिळत नाही आणि मिळूही नये, कारण गरज संपली. पण त्यानं न बांधता टेकू लावून वाट पाहिली असती, तर तुमच्या हिशेबात तो पात्र ठरला असता. हा नुसता कल्पनेतला धोका नव्हे. लाखभराचं अनुदान कच्च्या घरालाच मिळतं हे एकदा गावाला कळलं, की भिंतीला हात लावायला कुणी धजत नाही. मदत घर पडण्याशी बांधली, की पडणं हाच कागद होतो. तुम्हाला पत्र्याचा अन्याय दिसतो, मला या वाट पाहण्याचा दिसतो.

आग्रही : वाट पाहणं खरं आहे. पण वाट पाहणाऱ्याकडे दुसरा मार्ग होता असं तुम्ही गृहीत धरता. मागची भिंत उतरवून बांधायला विटा, वाळू, सिमेंट आणि गवंडी लागतो, आणि सगळ्यांत जास्त लागते ती गावात बसून काढायची महिनाभराची सवड. ती सवड त्यांना मे ते ऑक्टोबरात असते, पण तेव्हा मजुरी नसते. मजुरी असते तेव्हा ते गावात नसतात. घर दुरुस्त होत नाही कारण काम नाही, आणि काम शोधायला जायचं तर घर सोडावं लागतं. म्हणून मी घराचा आणि बेरोजगारीचा दावा वेगळा करू शकत नाही. तुम्ही त्यांना ‘दोन मदती’ म्हणालात. मला तो एकच खड्डा दिसतो, त्याला दोन खात्यांनी दोन नावं दिली आहेत.

साशंक : मग बेरोजगारीकडे येऊ. मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाला बेरोजगार कसं म्हणायचं? त्याचे श्रम हंगामाआधीच विकले गेलेले आहेत. तो पावसाळ्यात मागणी अर्ज भरणार, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही की भत्ता मागणार आणि दिवाळीत गाडीत बसून जाणार. ही हमी गावात राहून काम करू इच्छिणाऱ्यासाठी आहे.

आग्रही : उचल ही मजुरी नव्हे, कर्ज आहे. फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पावसाळ्यात त्यातलं हातात काही उरलेलं नसतं. आणि त्या भत्त्याचा आकडा तर बघा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यानुसार नमुना ४ भरून काम मागितल्यावर १५ दिवसांत ते दिलं नाही, तर पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या निदान पाव आणि नंतर निदान निम्मा भत्ता द्यायचा. महाराष्ट्रात २०२५–२६ चा दर होता ३१२ रुपये. पाव म्हणजे ७८. महिनाभर एक दिवसही काम न मिळालेल्या माणसाला २,३४० रुपये. यावर कुणी आळशी होत नाही. त्या रकमेचं मोल दुसरंच आहे : काम देता आलं नाही, ही सरकारची लेखी कबुली. त्या कायद्यात मजुरी केंद्र देत होतं, भत्ता राज्यानं आपल्या तिजोरीतून द्यायचा, म्हणजे तो दंडच आहे.

साशंक : आणि म्हणूनच तो दिला जात नाही. तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. ज्याच्यावर दंड बसणार त्यानंच तारीख घातलेली पावती द्यायची. मग तो म्हणतो, नाव सांगून जा, काम निघालं की कळवू. अर्ज झालाच नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? कागदावर मागणीच नाही, म्हणून बेरोजगारीही नाही. गेल्या वीस वर्षांत कायद्यातलं सगळ्यांत धारदार कलम सगळ्यांत बोथट निघालं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी नवा आणला, १०० चे १२५ दिवस झाले. पण दिवसांची संख्या वाढल्यानं पावती द्यायचा हात मोकळा होत नाही. तुम्हाला घरही याच पद्धतीनं हक्क म्हणून हवं असेल, तर हक्काचं काय होतं ते समोर आहे.

आग्रही : वीस वर्षं कशाला, पन्नास वर्षं मागे जाऊ. वि. स. पागे यांची रोजगार हमी महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात पसरली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर दिलं गेलं. १९७५ पासून शहरातल्या पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो गावातल्या मजुराच्या कामासाठी. खडी फोडायला आलेल्या बाईला कुणी विचारलं नाही, तुझ्या घरावर पत्रा आहे की गवत. ती उन्हात आली, एवढं पुरेसं होतं.

साशंक : बरोबर, आणि इथंच घर आणि काम यांतला फरक आहे, जो तुम्ही पुसता. ज्याला दुसरीकडे बरी मजुरी मिळते तो खडी फोडायला येत नाही. योजना आपल्या लाभार्थ्याची निवड आपोआप करते. यादी नको, चौकशी नको. पागे यांच्या कल्पनेचं सगळं बळ त्यात होतं. पक्कं घर कुणाला नको असतं? गरिबालाही हवं, मधल्यालाही हवं, ज्याचं आहे त्याला मुलासाठी आणखी एक हवं. तिथं निवड आपोआप होत नाही, म्हणून कुणीतरी यादी करावी लागते. आणि यादी आली की रेघ आली, मग रेघेच्या पलीकडचा माणूस आलाच. तुम्ही पत्र्याची रेघ पुसाल, पण दुसरी रेघ ओढावीच लागेल. तिच्याही पलीकडे कुणीतरी राहील, आणि त्याच्यासाठी आपण पुन्हा हाच संवाद करू.

(इथं मला, म्हणजे हा संवाद लिहिणाऱ्याला, मधे बोलावंसं वाटतं. साशंकाचा हा मुद्दा मला आतापर्यंतचा सगळ्यांत भक्कम वाटतो, आणि गरिबांच्या बाजूनं लिहिणारे आपण तो बहुतेक वेळा टाळतो. काम आणि घर यांना एकच ‘हक्क’ म्हणणं सोपं आहे, पण दोघांची जात वेगळी आहे. तरीही एक गोष्ट साशंकाच्या नजरेतून सुटते : सरकारनंच ही दोन्ही एका ठिकाणी जोडलेली आहेत.)

आग्रही : घरकुल मंजूर झालं की स्वतःच्या घरावर केलेल्या ९० दिवसांच्या मजुरीचे पैसे रोजगार हमीतून मिळतात. ३१२ च्या दरानं २८,०८० रुपये. सरकारला इथं कळलं आहे की गरिबाचं घर बांधणं हे त्याचं कामही आहे. सपाटीवरच्या जिल्ह्यात घरकुलाचे १,२०,००० रुपये, शौचालयाचे १२,०००, त्यावर ही मजुरी. २०१६ मध्ये १,२०,००० होते, २०२४ ते २९ च्या टप्प्यातही तेच आहेत. राज्यानं २०२५ मध्ये ५०,००० ची वाढ जाहीर केली, त्यातले १५,००० छतावरच्या सौर पॅनेलसाठी. पाच ब्रास वाळू मोफत, ती मिळाली तर. एवढ्यात २५ चौरस मीटरचं घर १२ महिन्यांत उभं करायचं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हे वर्ष कसं जातं, ते बघा. जुनं घर त्याच जागेवर असतं, म्हणून आधी ते पाडायचं. जिओ टॅगचा फोटो, मग पहिला हप्ता. जोत्यापर्यंत बांधा, फोटो. लिंटेलपर्यंत बांधा, फोटो. हप्ता अडला की भिंत तिथंच थांबते. जुनं घर गेलेलं, नवं झालेलं नाही. त्या वर्षी ते कुटुंब खऱ्या अर्थानं बेघर असतं, आणि कुठल्याच यादीत बेघर नसतं, कारण यादीत ते आता ‘लाभार्थी’ असतं. दिवाळी आली की पुढच्या हप्त्याची वाट बघायची की कोयत्यावर जायचं? गेलं तर बांधकाम अपूर्ण, नोटीस. थांबलं तर उचल परत करायची, ती कुठून?

साशंक : याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हे तुमच्या बाजूचंच आहे असंही नाही. यातून मला दिसतं की घर मिळणं हेच काही कुटुंबांना बुडवतं. ज्याचं गुजराण करण्याचं ठिकाण गावाबाहेर आहे, त्याला गावात सिमेंटचं घर बांधून देणं ही मदत आहे का? सहा महिने त्यालाही कुलूपच. त्यापेक्षा कारखान्याच्या आवारात त्यांना धड निवारा, पाणी आणि संडास मिळाला, तर वर्षातले निम्मे दिवस माणसासारखे जातील.

आग्रही : दोन्ही हवं. गावातलं घर म्हणजे म्हातारी सासू, शिधापत्रिका, मतदान, पोरीची शाळा. ते गेलं की माणूस कुठलाच राहत नाही. १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की निवारा म्हणजे डोक्यावरचं छप्पर एवढंच नव्हे. त्यात पुरेशी जागा, सुरक्षित बांधणी, उजेड, हवा, पाणी आणि स्वच्छता येते. न्यायालयानं ‘राहण्याजोगं’ म्हणजे काय ते सांगून ठेवलं आहे, आणि आपण अजून पत्रा मोजतो आहोत. मी नवं घरच मागत नाही. मागची भिंत नव्यानं उभी करायला आणि पत्रा बदलायला लागेल तेवढं दुरुस्तीचं साहित्य आणि त्यासोबत महिनाभराची मजुरी, ही रोजगार हमीतच बसवता येईल. छोट्या दुरुस्तीच्या मागे मधल्या थरातला माणूस धावणार नाही. तुमची ती आपोआप होणारी निवड इथं बऱ्यापैकी चालेल.

साशंक : कोकणात विचारा. प्रत्येक कौलारू घर पावसाळ्यात कुठेतरी गळतं. साहित्य फुकट मिळतं कळलं, की चांगल्या घरातलाही अर्ज करील, चार कौलांसाठी का होईना. मजुरीची अट घातलीत तर त्यातले काही गळतील, हे मान्य. सगळे नाही.

आग्रही : एक गोष्ट तरी बिनखर्चाची आहे. सर्वेक्षणाचा महिना बदला. २०२५ मध्ये घरकुलाच्या आवास प्लस या अ‍ॅपवर स्वतःचं सर्वेक्षण स्वतः करता येत होतं म्हणतात. पण घराचा फोटो घ्यायला घरापाशी असावं लागतं, आणि ती माणसं असतात उसाच्या फडात. जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी करा. कुटुंब घरात असेल आणि भिंत किती ओली आहे ते हाताला कळेल.

साशंक : हे मला पूर्ण मान्य. यात मत कमी आणि पुरावा जास्त आहे. पण त्याचा परिणाम ओळखा. श्रावणात पाहिलीत तर आज अपात्र असलेली कितीतरी घरं पात्र ठरतील. तेवढा पैसा नाही.

आग्रही : मग पैसा नाही असं सांगा. माझी मागणी शेवटी तेवढीच उरते. ‘तुमचं घर राहण्याजोगं नाही, तुम्ही पात्र आहात, या वर्षी निधी नाही, तुमचा क्रमांक हा’ असा कागद त्या बाईच्या हातात पडू द्या. निधी वाचवण्यासाठी घराला पक्कं म्हणू नका. पैशांची तूट सरकारच्या वहीत दिसू दे, तिच्या भिंतीवर ढकलू नका. बेरोजगार भत्त्याची पावती देत नाहीत, त्याचं कारणही हेच आहे. पावती दिली की तूट दिसते.

साशंक : असा कागद लाखो घरांत गेला, की लाखो माणसं त्या क्रमांकावर विसंबून बसतील. आज निदान त्या बाईला ठाऊक आहे की काही मिळणार नाही, म्हणून ती उचलीतून पत्रा आणते. उद्या तिच्याकडे क्रमांक असेल आणि ती पत्रा आणणार नाही, कारण पत्रा आणला तर क्रमांक जाईल ही भीती असेल. खरं सांगण्याची किंमत तिनं फुगलेल्या भिंतीखाली दोन पावसाळे जास्त काढून मोजायची का?

आग्रही : पत्रा आणला तरी क्रमांक जाणार नाही, असं त्याच कागदावर छापा.

साशंक : मग तिच्या त्या शेजाऱ्यालाही तो कागद द्यावा लागेल. त्यानं भिंत बांधायला घेतली त्या दिवशी त्याचं घर तिच्या घरासारखंच होतं.

आग्रही : द्यावा लागेल. त्यानं घेतलेली उचल हा त्याच्या घराचाच खर्च होता, असं मी तरी म्हणेन.

साशंक : म्हणजे घर बघायचं थांबवून तुम्ही आता माणसाचं कर्ज बघायला लागलात. ते मोजायला सर्वेक्षक कुठून आणणार?